मंडईंतील माणसांचीं छायाचित्रें

अलीकडे छायाचित्र काढण्याचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसलें आहे. सहलीचें, वाढदिवसाचें, किंबहुना जेवणाच्या ताटाचेंसुद्धां चित्र घेतल्यावांचून आपल्याला चैन पडत नाहीं. असें असूनही ज्या मनुष्याकडून आपण आठवड्यांतून दोनतीन वेळां भाजी घेतों, त्याचा चेहरा डोळे मिटून आठवूं म्हटलें तर कितीकांना आठवेल? मेथीची जुडी आठवेल, भाव आठवेल, केलेली घासाघीसही आठवेल. ती जुडी देणाऱ्याची मुद्रा मात्र धूसरच राहील. बाजारांत गाळा, ओटा किंवा नुसतें गोणपाट मांडून बसणाऱ्या माणसांचीं व्यक्तिचित्रें कॅमेऱ्यानें कशीं काढावीं, त्यांत अडचणी कोणत्या येतात, आणि तीं काढतांना आपण कोणती जबाबदारी शिरावर घेतों, याविषयीं कांहीं विवेचन या लेखांत करण्याचा विचार आहे.

उदाहरणादाखल आपण पुण्याची महात्मा फुले मंडई डोळ्यांपुढें ठेवूं. ही दगडी इमारत १८८६ सालीं उघडली. त्या वेळीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे हे होते, व त्यांच्याच नांवानें ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जात असे. तिचें बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं केलें. मधोमध अष्टकोनी मनोरा, उंच छप्पर, टोंकदार कमानी, असा तिचा थाट आहे. या इमारतीच्या इतिहासांत एक मौज आहे. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनीं विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें त्याच इमारतीला त्यांचें नांव देण्यांत आलें! त्यांच्या घराण्याला ‘फुले’ हें आडनांवच मुळीं फुलांच्या धंद्यावरून पडलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे बाजाराशीं या नांवाचें नातें अगदींच परकें नाहीं, असें म्हणतां येईल.

छायाचित्रकाराच्या दृष्टीनें या मंडईचा मोठा गुण तिच्या ओट्यांत आहे. रस्त्यावर गोणपाट अंथरून बसलेल्या भाजीवालीकडे आपण उभ्यानें पाहतों, म्हणजे वरून खालीं पाहतों. कॅमेराही तसाच वरून रोखला कीं तिचें कपाळ मोठें, हनुवटी लहान आणि डोळे वर वळलेले, जणूं कांहीं ती याचना करीत आहे, असें चित्र उमटतें. ती बाई याचना करीत नसते. ती भाव सांगत असते. चित्रांतील दीनवाणेपणा तिच्या मुद्रेंतला नसून आपल्या उंचीनें आणलेला असतो. मंडईंतील विक्रेता उंच ओट्यावर मांडी घालून बसतो, त्याच्यापुढें मालाची चढती रास असते, आणि गिऱ्हाइकाला त्याच्याकडे समोरासमोर, क्वचित् किंचित् मान वर करूनच पाहावें लागतें. तेथें कॅमेरा नुसता डोळ्यांशीं धरला तरी चित्राला आपोआप भारदस्तपणा येतो. यावरून रस्त्यावरच्या दुकानापुढें काय करावें तें सहज कळेल: गुडघा टेकावा, किंवा उकिडवें बसावें, आणि कॅमेरा विक्रेत्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. कपड्यांना माती लागते. ती लागूं द्यावी.

बाजारकरी माणसांच्या आकृति टिपण्याची हौस आजची नव्हे. मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालीं पुरें झालें, तेव्हां जे. जे. कलाशाळेंतील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या कल्पनेप्रमाणें त्याच्या प्रवेशद्वारावर येथील शेतकऱ्यांचीं शिल्पें कोरण्यांत आलीं. आजही तेथें जाणाऱ्यानें क्षणभर थांबून वर पाहावें. परंतु गर्दीच्या धक्क्यांत वर पाहण्यास सवड कोणाला! त्याच सुमारास कॅमेराही या कामाला लागला होता. मुंबईंतील छायाचित्रकारांचें मंडळ १८५४ सालींच स्थापन झालें होतें. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचें दोन भागांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. माणसांचें चित्र एकीकडे घ्यावयाचें, व त्यांच्या आकृति दुसरीकडच्या एखाद्या देखाव्यावर बसवावयाच्या, अशी त्याची रीत होती. म्हणजे माणूस खरा, देखावाही खरा, पण त्या माणसानें त्या जागीं पाऊल ठेवलेलेंच नाहीं! पुढें १८६८ ते १८७५ या वर्षांत सरकारी आश्रयानें ‘पीपल ऑफ इंडिया’ या नांवाचे आठ खंड निघाले. त्यांत चारशेंहून अधिक छायाचित्रें आहेत, आणि त्यांतील बहुतेकांखालीं माणसाचें नांव नसून जातीचें किंवा जमातीचें नांव आहे. संग्रहालयांत फुलपांखरें टांचून खालीं चिठ्ठी लावतात, त्यांतलाच हा प्रकार. चित्रें स्पष्ट आहेत, अभ्यासकाला उपयोगीही आहेत. परंतु त्यांतील माणूस ‘नमुना’ म्हणून उभा आहे, आणि तें त्याच्या डोळ्यांत दिसतें असें मला तरी वाटतें.

याच्या उलट वाट लंडन शहरांत जॉन थॉमसन यानें धरली. त्याचें व ॲडॉल्फ स्मिथ याचें ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ हें पुस्तक १८७७-७८ सालीं मासिक भागांनीं प्रसिद्ध झालें. कॉव्हेंट गार्डन बाजारांत फुलें विकणाऱ्या बायकांचें चित्र त्यांत आहे, आणि चित्रासोबत त्यांच्या कमाईची, कुटुंबाची, पावसाळी दिवसांतील हालांची हकीकतही आहे. जर्मनींत ऑगस्ट झांडर यानें १९२९ सालीं साठ व्यक्तिचित्रांचें एक पुस्तक काढलें. शेतकरी, आचारी, वकील, बेकार असे सर्व प्रकारचे लोक त्यांत सारख्याच आदरानें कॅमेऱ्यासमोर उभे आहेत. साऱ्या राष्ट्राचे चेहरे एकाच साच्याचे असावे अशी ज्यांची इच्छा होती, त्यांना हें रुचणें शक्य नव्हतें. १९३६ सालीं नाझी राजवटीनें त्या पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या व छपाईचे ठसे नष्ट केले. पुढें १९५०-५१ मध्यें आयर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकारानें पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लहान धंदे करणाऱ्यांना आपल्या चित्रशाळेंत बोलावून, साध्या करड्या पडद्यापुढें, त्यांच्या हत्यारांसह त्यांचीं चित्रें घेतलीं. काकड्या विकणाऱ्याजवळ काकड्या आहेत, बाजार मात्र नाहीं. पेनचीं चित्रें पाहतांना डोळ्यांचें पारणें फिटतें, हें खरें. तरीपण आपल्या कामाला मला झांडरची रीत अधिक जवळची वाटते. विक्रेत्याला त्याच्या ओट्यावरून उठवलें कीं त्याचें अर्धें व्यक्तिमत्त्व ओट्यावरच राहतें. त्याचा तराजू, शेजारीं रचलेलीं वजनें, हिशेबाची वही, पैसे ठेवण्याचा डबा, देवाची तसबीर, आणि अलीकडे मोबाईलवरून पैसे घेण्यासाठीं टांगलेला तो काळ्या चौकड्यांचा कागद, हीं सर्व त्याच्या चरित्राचीं पानें आहेत.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट वेळेची. बोहनी होण्यापूर्वीं कॅमेरा बाहेर काढूं नये. दिवसाची पहिली विक्री, जिला कोणी बोहनी तर कोणी भवानी म्हणतात, ती विक्रेत्याला साऱ्या दिवसाचा शकुन वाटते. त्या आधीं फुकटची विचारपूस करणारा माणूस त्याला नकोसा होतो, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. सकाळची मोठी गर्दी ओसरल्यावर, माल पुन्हा नीट रचण्याचें काम चालूं असतां, बोलण्याला सवड असते. प्रथम कांहीं विकत घ्यावें. परंतु पावशेर मिरच्या घेतल्या म्हणजे चेहराही विकत मिळाला, असें नाहीं, विचारावें लागतेंच. ‘अहो मावशी’, ‘काका’, ‘आजी’, ‘मामा’ हीं हांक मारण्याचीं संबोधनें आपल्या बाजारांत शेंकडों वर्षें वाटेवर पडलेलीं आहेत, त्यांचा उपयोग करावा. चित्र कशासाठीं हवें, तें कोठें लागणार किंवा छापणार, आणि त्याची प्रत कधीं आणून देणार, या तीन गोष्टी दोन वाक्यांत सांगतां आल्या पाहिजेत.

कोणी नको म्हटलें कीं विषय संपला. ‘एकच काढतों’ असा लडिवाळ आग्रह धरणारे पुष्कळ आढळतात. तो आग्रह म्हणजे सभ्य वेषांतील जबरदस्ती होय. नकाराचीं कारणें अनेक असतात, व तीं सांगण्यास विक्रेता बांधलेला नाहीं. घरीं सुतक असेल. गांवाकडील नातलगांना आपण शहरांत काय विकतों हें कळूं नये, अशी कोणाची इच्छा असेल. सर्वांत नाजूक कारण परवान्याचें. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठीं २०१४ सालीं आपल्या देशांत कायदा झाला. त्या अन्वयें विक्रेत्याला प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळावयाचें असतें. परंतु रस्त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं तें पडलेलें असतेंच असें नाहीं. अशा मनुष्याचें चित्र, त्याच्या बसण्याच्या जागेच्या उल्लेखासह, चारचौघांत फिरलें तर तें त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरतां येईल. आपण कौतुकानें लावलेल्या चित्रामुळें एखाद्याची पाटी उचलली जावी, यापरतें वाईट तें काय? म्हणून, चित्राखालीं जागा लिहूं कां, हा प्रश्न वेगळा विचारावा. दुकानावर लहान मुलें बसलेलीं असल्यास त्यांच्या आईबापांना विचारल्यावांचून त्यांच्याकडे कॅमेरा रोखूं नये, हें सांगावयास नकोच.

संमति मिळाल्यावर पुढची घटका मोठी पाहण्यासारखी असते. मावशी पदर सारखा करतात, कपाळावर आलेले केस मागें सारतात, मांडीवरचा कचरा झटकतात. काका कोनाड्यांतील टोपी काढून डोक्यावर ठेवतात, सदऱ्याचें वरचें बटण लावतात, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ताठ बसतात. येथें नवशिका छायाचित्रकार हिरमुसतो. त्याला ‘सहज’ चित्र हवें असतें. ‘मावशी, तुम्ही तुमचें काम करा, मी इथें नाहींच असें समजा’ असें तो म्हणूं लागतो. माझें मत याच्या अगदीं उलट आहे. आपण कसें दिसावें हें ठरविण्याचा पहिला हक्क ज्याचें चित्र निघतें त्याचा आहे. आपण स्वतः चित्रासाठीं बसतों तेव्हां केस विंचरतों, मग भाजीवालीनेंच विस्कटलेलें कां दिसावें? ताठ बसणें ही कृत्रिमता नसून आदर आहे, आणि तो कॅमेऱ्यापेक्षां स्वतःविषयींचा अधिक असतो. तसें एक चित्र प्रथम मनापासून घ्यावें. तें घेतल्यानंतर ती ताठ मान आपोआप सैल होते, शेजारचा गाळेवाला कांहीं तरी थट्टा करतो, ओठांच्या कडा हलतात; त्या वेळीं दुसरें घ्यावें. दोन्ही प्रती त्यांना दाखवाव्या. बहुधा ते पहिलें चित्र पसंत करतात.

प्रकाशाचा विषय थोड्या विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण बाजारांतील बहुतेक चित्रें त्यापायींच बिघडतात. भर उन्हांत डोळ्यांच्या खोबणींत काळी सांवली पडते व माणूस डोळे बारीक करतो. याउलट गाळ्याच्या अगदीं आंत अंधार असतो. या दोहोंच्या मध्यें, छपराची किंवा ताडपत्रीची सांवली जेथें संपते तिच्या हातभर आंत, फार सुंदर जागा असते. तेथें बसलेल्या मनुष्याचें तोंड बाहेरच्या बाजूला असलें म्हणजे आकाशाचा मऊ प्रकाश समोरून येतो, उजळलेल्या जमिनीवरून परतलेला प्रकाश हनुवटीखालील सांवली भरून काढतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत एकेक चकाकता ठिपका उमटतो. तो ठिपका नसला तर डोळे निर्जीव दिसतात. मासळीबाजारांत ओल्या फरशीवरून व बर्फावरून असाच प्रकाश खालून वर येतो. कोळणींच्या चित्रांना जें एक तेज दिसतें, त्यांत त्यांच्या दागिन्यांइतकाच त्या ओल्या फरशीचाही वांटा असतो.

ताडपत्रीचा रंग हा मात्र मोठा शत्रु समजावा. निळ्या ताडपत्रीखालीं माणूस निळसर, पिंवळीखालीं कावीळ झाल्यासारखा दिसतो. आपला मेंदू प्रत्यक्ष पाहतांना हा फरक पोटांत घालतो. कॅमेरा तितका उदार नाहीं. शक्य तर विक्रेत्याला हातभर पुढें सरकण्याची विनंति करावी. नाहीं तर त्याच प्रकाशांत पांढरा कागद धरून, हा रंग पांढरा समज, असें कॅमेऱ्याला शिकवावें. आणि तेंही न साधल्यास चित्र सरळ कृष्णधवल करावें. संध्याकाळीं गाळ्यांवर विजेचे दिवे लागतात. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यामुळें कांहीं दिवे सेकंदाला शंभर वेळां मंदावतात व उजळतात. डोळ्यांना हें कळत नाहीं. परंतु कॅमेऱ्याची झडप फार जलद ठेवली तर चित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. झडप सेकंदाच्या एक शतांशावर किंवा एक पन्नासांशावर ठेवली म्हणजे ते बहुधा नाहींसे होतात.

दुसरी एक खोड अशी कीं, कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सर्व जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें मुळ्याच्या किंवा फुलकोबीच्या पांढऱ्या राशीमागें बसलेल्या सांवळ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. ‘हे लोक काळेच असतात’ असें म्हणून मोकळे होणारे शहाणे मीं पाहिले आहेत. दोष यंत्राचा, आणि दूषण माणसाला! प्रकाश चेहऱ्यावरूनच मोजावा. मुळे थोडे फटफटीत दिसले तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

अंतराविषयीं थोडें. फूटदीड फुटांवरून चित्र घेतलें तर नाक मोठें व कान लहान दिसतात, कारण जवळची वस्तु त्या मानानें फारच जवळ आलेली असते. मोबाईलचें नेहमींचें भिंग विस्तृत दृश्य घेणारें असल्यामुळें चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण नकळत फार जवळ सरकतों. पांच-सहा फुटांवर राहून भिंगाची शक्ति दुप्पट करणें बरें. मालाची रास आपल्याला दूर ठेवते हें एका परीनें उपकारकच आहे. मोबाईलमध्यें पाठीमागील भाग धूसर करण्याची एक युक्ति असते. तिचा मोह आवरावा. यंत्र अंदाजानें कडा ठरवितें, आणि त्यांत कोथिंबिरीच्या काड्या व कानामागचे केस बेमालूम कापले जातात. शिवाय जो तराजू दाखविण्यासाठीं आपण इतके श्रम घेतले तोच पुसला गेला तर काय उपयोग? स्वतंत्र भिंगाचा कॅमेरा असेल त्यानें छिद्र एफ ४ किंवा ५.६ ठेवावें, म्हणजे चेहरा व हातांतील वस्तु दोन्ही स्पष्ट राहतात.

चित्राखालीं काय लिहावें हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ‘पीपल ऑफ इंडिया’ व थॉमसन यांच्यांतील अंतर त्याच एका ओळींत आहे. ‘एक भाजीवाली’ असें लिहिलें कीं ती बाई पुन्हा नमुना झाली. नांव लावण्यास त्यांची हरकत नसेल तर तें त्या सांगतील तसें, त्यांच्याच उच्चाराप्रमाणें लिहावें. माल कोणता, बाजार कोणता, किती वर्षें बसतात, आणि चित्राची तारीख. जात विचारण्याचें कारण नाहीं. नांव लावावयाचें नसेल तर मालाच्या नांवावर भागवावें, पण तेंही नेमकें असावें: ‘लसूण व आलें’, ‘केळीचीं पानें व आंब्याचे टाळे’. हा मजकूर त्याच दिवशीं वहींत उतरावा; आठ दिवसांनीं कोणतें नांव कोणत्या चेहऱ्याचें हें सांगतां येत नाहीं.

राहिलें तें छापील प्रत देण्याचें. मोबाईलवर पाठवूं, असें म्हणून हें काम उरकूं नये. पडद्यावरचें चित्र दुसऱ्या दिवशीं शंभर चित्रांखालीं गाडलें जातें. चार बाय सहा इंचांची कागदावरची प्रत फारशी महाग नसते. लसूण विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मीं अशी प्रत दिली होती. कांहीं महिन्यांनीं त्यांच्या जागीं त्यांचा मुलगा बसलेला दिसला. मोठ्या आकाराची एक प्रत मिळेल कां, असें त्यानें विचारलें. घरांत वडिलांचें दुसरें चित्र म्हणजे ओळखपत्रावरचें काय तें होतें, आणि तें भिंतीवर लावण्याजोगें नव्हतें. तेव्हांपासून मीं प्रत्येक चित्राची मूळ प्रत पूर्ण आकारांत, नांव व तारखेसह, दोन ठिकाणीं जपून ठेवीत आलों आहें.

प्रत द्यावयास जातांना हातांत चार पैसे व थोडा फावला वेळ असावा. ज्यांना चित्र मिळालें ते तें शेजारच्या ओट्यावर दाखवितात, तेथून तें पुढच्या ओट्यावर जातें, आणि ज्यांनीं मागच्या खेपेस मान फिरविली होती त्यांच्यापैकीं कोणी तरी ‘आमचा कधीं काढणार?’ म्हणून विचारतें. त्यांना पुढचा वार सांगून ठेवावा, आणि तो वार चुकवूं नये.